ओरिस्कनी बुडवायला लागलेली तीस वर्षं

17 मे 2006, बुधवारची सकाळ. फ्लोरिडातल्या पेन्साकोला बंदरापासून वीस-बावीस सागरी मैलांवर, मेक्सिकोच्या आखातात, एक विमानवाहू युद्धनौका उभी होती. आत माणूस नाही, इंजिन बंद, डेक रिकामं. सुरक्षित अंतरावर होड्यांचा ताफा, आणि त्या होड्यांमध्ये याच जहाजावर नोकरी केलेली म्हातारी माणसं. जहाजाच्या पोटात 22 ठिकाणी मिळून सुमारे 500 पौंड सी-फोर स्फोटकं लावलेली होती. पाणी हळूहळू भरेल, जहाज खाली जायला काही तास लागतील, असा अंदाज होता. प्रत्यक्षात स्फोट झाल्यापासून 37 मिनिटांत सगळं संपलं. आधी पाठीमागची बाजू बसली, शेवटी नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वर उचलली गेली आणि तीही गेली. 212 फूट खाली, वाळूच्या तळावर, जहाज सरळ उभं टेकलं. त्या दिवशी बंदरावर सगळे खूश होते, कारण आडवं पडलेलं जहाज बुडी मारून बघायला येणाऱ्या हौशी पाणबुड्यांच्या फारसं कामाचं नसतं.

हे सगळं रीतसर परवानगीने आणि सरकारी खर्चाने झालं. जहाजाचं नाव ‘यूएसएस ओरिस्कनी’. निवृत्त जहाज मुद्दाम बुडवून त्याचं ‘कृत्रिम रीफ’, म्हणजे माशांना आसरा देणारा पाण्याखालचा खडक, करायचं, या कल्पनेच्या इतिहासात एवढं मोठं जहाज कधी वापरलं गेलं नव्हतं. स्थानिकांनी लगेच ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफच्या नावाशी खेळत त्याला ‘ग्रेट कॅरिअर रीफ’ म्हणायला सुरुवात केली. कॅरिअर म्हणजे विमानवाहू नौका.

आपल्याकडे जहाज बुडवून पर्यटन वाढवण्याची भाषा सिंधुदुर्गात बरीच वर्षं ऐकू येते. तेव्हा ओरिस्कनीचं नाव हमखास निघतं आणि त्यातल्या 37 मिनिटांचीच गोष्ट सांगितली जाते. आधीची तीस वर्षं कुणी सांगत नाही. या टिपणात भर त्या तीस वर्षांवर आहे.

कुणालाच नको असलेलं जहाज

ओरिस्कनीचा जन्मच अर्धवट होता. न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत 1944 च्या मे महिन्यात तिचा कणा घातला. 13 ऑक्टोबर 1945 ला ती पाण्यात उतरली, तोवर ज्या युद्धासाठी बांधायला घेतली ते युद्ध संपलं होतं. काम थांबलं. जेट विमानं आली तसा आराखडा बदलला, काम पुन्हा सुरू झालं आणि अखेर 25 सप्टेंबर 1950 ला ती नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे 900 फूट, वजन 30 हजार टनांच्या आसपास. कोरिया, मग व्हिएतनाम. 26 ऑक्टोबर 1966 ला डेकखाली मॅग्नेशियमची फ्लेअर, म्हणजे उजेडासाठी पेटवायचं नळकांडं, पेटली आणि लागलेल्या आगीत 44 माणसं गेली, त्यांत वैमानिक बरेच होते. बरोबर एक वर्षाने, 26 ऑक्टोबर 1967 ला, याच जहाजावरून उडालेलं जॉन मॅकेन यांचं विमान हनोईवर पाडलं गेलं. पुढे सेनेटर आणि राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झालेले मॅकेन ते हेच.

30 सप्टेंबर 1976 ला ओरिस्कनी सेवेतून काढली. नौदलाच्या यादीतून नाव कमी व्हायला 1989 उजाडलं. मधली तेरा वर्षं ‘कदाचित लागेल’ या आशेवर गेली. निवृत्त युद्धनौकेचा पहिला खर्च हाच असतो, आणि तो कुणाच्या डोळ्यावर येत नाही. बांधून ठेवलेलं जहाज नुसतं उभं नसतं. ते गंजतं, झिरपतं, त्याला पहारा लागतो, पंप लागतात, दोर बदलावे लागतात. कोकणात ओस पडलेलं घर सांभाळणाऱ्या कुणालाही हे पटकन कळेल. राहत नाही म्हणून घराचा खर्च थांबत नाही, उलट कौलं जास्त फुटतात.

मध्ये एक हौशी बेतही झाला. ओरिस्कनी जपानला न्यायची आणि टोकियोच्या खाडीत तिच्यावर अमेरिकेचं प्रदर्शन उभारायचं. पैसे जमले नाहीत. मग 1995 मध्ये ती भंगारात विकली. कॅलिफोर्नियात व्हॅलेहो इथल्या जुन्या नौदल गोदीत तोडायची असं ठरलं. ठेकेदाराच्या हातून काम पुढे सरकेना, आणि 1997 च्या जुलैअखेर नौदलाने ठेका रद्द केला. जहाज पुन्हा नौदलाच्या गळ्यात. 1999 मध्ये ते ओढत टेक्ससमधल्या बोमाँटला नेऊन, तिथे साठलेल्या जुन्या जहाजांच्या रांगेत बांधून ठेवलं.

ठेकेदाराला नुसता दोष देऊन भागत नाही. भंगाराचा धंदा लोखंडाच्या भावावर चालतो. भाव पडला, आणि आत ॲस्बेस्टॉस, तेल, विषारी इन्सुलेशन काढायचा कायदा कडक असला, की तीस हजार टन लोखंडाचं जहाजही तोट्यात जातं. त्या दशकात अमेरिकेत अशा बऱ्याच ठेक्यांचं हेच झालं.

अलंगमुळे बंद झालेली वाट

इथे प्रकरण थेट आपल्या किनाऱ्याला येऊन भिडतं. अमेरिकी सरकारपुढे एक सोपी पळवाट होती, जुनी जहाजं परदेशात तोडायला विकायची. परदेश म्हणजे मुख्यतः गुजरातचं अलंग. भरतीच्या जोरावर जहाज किनाऱ्यावर चढवायचं आणि गॅसकटरने वरून खाली कापत जायचं. आपल्या मुंबईच्या दारूखान्यातही जहाजं याच हातांनी तुटली. 1997 मध्ये बाल्टिमोरच्या एका दैनिकाने अमेरिकेतल्या आणि अलंगमधल्या जहाजतोडणीवर मालिका छापली. अनवाणी कामगार, मोकळा ॲस्बेस्टॉस, पडणाऱ्या प्लेटा. त्या मालिकेला पुलित्झर मिळालं आणि वॉशिंग्टनमध्ये गडबड उडाली. सरकारी जहाजं परदेशी तोडायला पाठवणं थांबवण्यात आलं.

वाट बंद झाली तरी जहाजं तिथेच होती. 2001 मध्ये रँड या संशोधन संस्थेने नौदलासाठी हिशोब मांडला. साडेतीनशेहून जास्त जहाजं, आणि पुढे चार पर्याय: वर्षानुवर्षं बांधून ठेवणं, देशात तोडणं, परदेशात तोडणं, रीफ करणं. बांधून ठेवणं सगळ्यात महाग. परदेश स्वस्त, पण राजकीयदृष्ट्या अशक्य. उरलेल्या दोहोंत रीफ देशातल्या तोडणीपेक्षा बरंच स्वस्त पडेल, असा निष्कर्ष निघाला. स्वस्त का, तर तोडताना जहाजाचा तुकडा न् तुकडा हाताळावा लागतो, रीफसाठी ते फक्त साफ करायचं असतं.

‘फक्त साफ करायचं’ या तीन शब्दांवर पुढची पाच वर्षं अडली.

एक गोष्ट शब्दाची. आपल्याकडे वर्तमानपत्रं ‘कृत्रिम प्रवाळ’ लिहितात, आणि वाचणाऱ्याला रंगीत प्रवाळांची बाग दिसते. खलाशाच्या बोलीत रीफ म्हणजे पाण्याखालचा खडक, ज्यावर जहाज आपटतं तो. मालवणी माणूस ज्याला खडप म्हणेल ते. उत्तर मेक्सिको आखाताचा तळ मैलोन्‌मैल सपाट वाळूचा आहे, त्यात खडप दुर्मीळ. म्हणून तिथे काहीही कठीण टाकलं, तरी त्यावर कालवं आणि बार्नॅकल बसतात, मग स्पंज, मग त्यांच्या आसऱ्याला छोटे मासे आणि त्यांच्यामागे मोठे. ‘प्रवाळ’ हा शब्द जाहिरातीचा आहे, ‘खडप’ कामाचा. मी पुढे रीफच लिहितो, तुम्ही खडप वाचा.

आणि काहीही टाकलं की चालतं असंही नाही. फ्लोरिडाच्याच फोर्ट लॉडरडेलजवळ 1970 च्या दशकात गाड्यांचे जवळपास वीस लाख जुने टायर रीफ म्हणून समुद्रात सोडले होते. बांधलेले दोर कुजले, टायर सुटे झाले आणि वादळात लोळत जाऊन जवळच्या खऱ्या प्रवाळांवर आपटत राहिले. ते वर काढण्याचं काम पुढे अनेक वर्षं चाललं. तेव्हा फ्लोरिडातल्या अधिकाऱ्यांना रीफ या शब्दाच्या आडून कचरा कसा खपतो, हे शिकवायची गरज नव्हती.

वायरीतलं विष

2003 च्या अखेरीस अमेरिकी संसदेने नौदलाला जुनी जहाजं रीफसाठी राज्यांना द्यायचा अधिकार दिला. ओरिस्कनी मागायला टेक्सस, मिसिसिपी, आणि साउथ कॅरोलिना-जॉर्जिया मिळून असे उमेदवार होते. निवड झाली फ्लोरिडाची. पेन्साकोला हे नौदलाच्या वैमानिकांचं जुनं गाव, त्यामुळे जहाजाशी भावनिक नातं आयतंच होतं. एप्रिल 2004 मध्ये घोषणा झाली. टेक्ससच्या कॉर्पस ख्रिस्तीत साफसफाई सुरू झाली आणि डिसेंबर 2004 मध्ये जहाज पेन्साकोलाला येऊन उभंही राहिलं. त्याच सप्टेंबरात आयव्हन वादळाने गाव झोडपून काढलं होतं, लोकांना काहीतरी चांगली बातमी हवी होती.

जहाज मात्र जागचं हललं नाही. पुढच्या उन्हाळ्यात वादळांचा मोसम आला, एवढं मोठं धूड बंदरात ठेवायचा धोका कुणी घेईना, म्हणून जून 2005 मध्ये ते परत बोमाँटला ओढत नेलं. वादळापासून वाचवायला. सप्टेंबरात रीटा वादळ नेमकं त्याच पट्ट्यावर येऊन आदळलं. जहाज तगलं. मार्च 2006 मध्ये ते पुन्हा पेन्साकोलात आलं. या येरझाऱ्यांचं कारण एकच, पीसीबीची परवानगी.

पीसीबी म्हणजे क्लोरीन जोडलेल्या कृत्रिम रसायनांचं एक कुटुंब. ती पेट घेत नाहीत, वीज वाहू देत नाहीत आणि सहजासहजी कुजत नाहीत. याच तीन गुणांमुळे विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत ती सगळीकडे घातली गेली. तिसरा गुणच पुढे अंगावर आला. शरीरात गेलेलं पीसीबी चरबीत साठून राहतं. बारीक जीव खाणाऱ्या माशात थोडं, त्याला खाणाऱ्या माशात जास्त, आणि मोठा मासा खाणाऱ्या माणसात आणखी जास्त. अमेरिकेने 1979 मध्ये त्यांच्या उत्पादनावर बंदी घातली. ओरिस्कनीचा जन्म त्याच्या आधीचा.

जहाजात पीसीबी दोन रूपांत असतं. ट्रान्सफॉर्मरमधलं द्रव काढून टाकणं सोपं, ते काढलंही. घन रूपातलं जहाजाच्या अंगात मुरलेलं असतं: रबरी गॅस्केटांत, रंगात, आणि सगळ्यात जास्त विजेच्या केबलींच्या आवरणात. विमानवाहू नौका म्हणजे तरंगतं शहर. तिच्या केबली एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पोलादी भिंती भेदून जातात, गठ्ठ्यांनी, मैलोन्‌मैल. त्या सगळ्या ओढून काढायच्या तर भिंती कापाव्या लागतात. इतक्या भिंती कापायच्या, म्हणजे जहाज तोडायलाच घेतल्यासारखं. आणि तोडायचंच असेल, तर बुडवायचं कशाला?

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे. रीफचा पर्याय स्वस्त आहे तो काहीतरी आत राहू दिलं तरच. प्रश्न उरतो, किती राहू द्यायचं आणि ते कुणी ठरवायचं.

कायद्याची रेष अशी होती की दशलक्षात 50 भाग किंवा जास्त पीसीबी असलेली वस्तू हा नियंत्रित कचरा, तो परवानगीशिवाय कुठेही टाकता येत नाही. ओरिस्कनीच्या केबली त्या रेषेच्या वर होत्या. म्हणून नौदलाने शास्त्रज्ञांकडून दोन गोष्टी करून घेतल्या. एक, समुद्राच्या पाण्यात या वस्तूंतून पीसीबी किती वेगाने झिरपतं याचे प्रयोग. दोन, झिरपलेलं पीसीबी पाण्यातून, गाळातून, माशांतून माणसापर्यंत किती पोचेल याचं गणिती प्रारूप. अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या शास्त्रीय सल्लागार मंडळाने ते तपासलं, शंका काढल्या, दुरुस्त्या झाल्या. फेब्रुवारी 2006 मध्ये परवानगी मिळाली. सुमारे 700 पौंड, म्हणजे तीनशेवीस किलोच्या आसपास पीसीबी आत ठेवून जहाज बुडवायची. अशा कामासाठी अशी परवानगी पहिल्यांदाच दिली जात होती. अट एक, बुडवल्यानंतर तिथले मासे ठरावीक काळाने पकडून तपासायचे.

या सगळ्याचा खर्च दोन कोटी डॉलरच्या घरात गेला. सुरुवातीला धरलेला आकडा याच्या कितीतरी खाली होता. पैसे नौदलाचे, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्या करदात्यांचे. उत्पन्न मात्र पेन्साकोलाच्या होडीवाल्यांचं, डायव्हिंगच्या दुकानांचं, हॉटेलांचं. यात गैर काही नाही, पण ‘रीफ स्वस्त पडतं’ असं म्हणताना कुणाला स्वस्त, हे विचारायला हवं.

खाली गेल्यावर

चार वर्षांपूर्वीच्या, नेमक्या याच तारखेच्या आठवणीने ओरिस्कनी बुडाली त्या दिवशी काहीजणांचा श्वास अडकला असेल. 17 मे 2002 ला फ्लोरिडाच्याच की लार्गोजवळ ‘स्पीगल ग्रोव्ह’ नावाचं नौदलाचं जहाज रीफ म्हणून बुडवायचं होतं. ते वेळेच्या आधीच बुडू लागलं, उलटं झालं आणि नाळ पाण्याबाहेर काढून लटकत राहिलं. कामगार थोडक्यात निसटले. पुढे ते पूर्ण बुडवलं तर कुशीवर पडलं. 2005 मध्ये डेनिस वादळ आलं आणि त्याने ते जहाज सरळ उभं करून ठेवलं! माणसांना जे लाखो डॉलर खर्चून जमलं नाही ते वादळाने फुकट केलं.

ओरिस्कनीच्या वाट्याला उलटं आलं. ती बसली सरळ, उड्डाण-डेक 135 फुटांवर. 2008 मध्ये गुस्ताव वादळ गेल्यावर मोजलं तर जहाज वाळूत सुमारे दहा फूट आणखी खाली गेलेलं, डेक 145 फुटांवर. हे दहा फूट का महत्त्वाचे? हौशी पाणबुड्याची मर्यादा 130 फूट मानतात. त्याखाली जायचं तर वेगळं प्रशिक्षण, वेगळा वायू, वर येताना टप्प्याटप्प्याने थांबणं आणि जास्त धोका. म्हणजे तोवरच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या रीफजहाजाचं प्रसिद्ध डेक सामान्य पाणबुड्याच्या आवाक्याबाहेरच आहे. तो पाहतो डेकवरचा मनोरा, ज्याचा माथा ऐंशी-पंच्याऐंशी फुटांवर आहे. तोही मोठाच आहे, आणि स्वच्छ पाण्यात तो खालून वर येताना दिसतो तेव्हा माणूस गप्प होतो असं जाऊन आलेले सांगतात. तरी दोनशे फुटांच्या छोट्या जहाजाने पाणबुड्यांची जी गरज भागली असती, तिच्यासाठी नऊशे फुटांचं जहाज खर्ची पडलं, ही शंका मला राहून राहून येते.

मासे आले. त्यात नवल नाही. अँबरजॅक, ग्रुपर, आणि आखातातला लाडका रेड स्नॅपर, म्हणजे आपल्या तांबोशीचा चुलतभाऊ. पण ते ‘वाढले’ की फक्त ‘गोळा झाले’, हा मत्स्यशास्त्रातला जुना वाद आहे. विखुरलेले मासे एका जागी आले, आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश सरकारनेच छापून दिले, तर मासेमारी सोपी होते. समुद्रात मासे वाढले हे त्यावरून सिद्ध होत नाही. स्नॅपरसारख्या खडकाजवळ राहणाऱ्या माशाला लपायला जागा मिळाली की पिल्लं जगण्याचं प्रमाण थोडं वाढत असावं, असं मानायला आधार आहे. एकाच जहाजावरून निकाल लागत नाही.

न बोलावलेले पाहुणेही आले. हिंदी-प्रशांत महासागरातला लायनफिश हा विषारी काट्यांचा मासा अमेरिकेच्या पाण्यात उपरा. गेल्या दशकात तो आखाताच्या उत्तर भागात पसरला आणि नैसर्गिक खडकांपेक्षा कृत्रिम रीफांवर त्याची दाटी जास्त आढळली. आता पाणबुडे भाले घेऊन त्याची शिकार करतात, त्याच्या स्पर्धा भरतात, आणि गावातल्या हॉटेलांत तो तळून मिळतो.

मासे तपासण्याची अट होती. फ्लोरिडाच्या मत्स्य आणि वन्यजीव आयोगाने ओरिस्कनीभोवतीचे मासे धरून प्रयोगशाळेत पाठवले. पहिल्या दोनेक वर्षांत रेड स्नॅपरमधलं पीसीबीचं सरासरी प्रमाण अब्जात 20 भाग या संघराज्याच्या सावधगिरीच्या पातळीवर गेलं. काही फेऱ्यांत राज्याच्या आरोग्य खात्याच्या 50 भागांच्या मर्यादेलाही ते टेकलं किंवा ओलांडून गेलं. नंतरच्या फेऱ्यांत ते उतरत गेलं. प्रारूपाचं म्हणणं बरोबर निघालं की चूक, हे तुम्ही आलेखाच्या कुठल्या टोकाकडे बघता यावर ठरतं. उतरणीकडे बोट दाखवून नौदल म्हणालं, बघा, धोका तात्पुरता होता. चढणीकडे बोट दाखवून पर्यावरण संघटना म्हणाल्या, बघा, जे होणार नाही म्हणत होता ते झालं.

2011 मध्ये बासेल ॲक्शन नेटवर्क या संघटनेने ओरिस्कनीची हीच आकडेवारी पुढे करून सरकारच्या जहाजं बुडवण्याच्या धोरणावर सविस्तर अहवाल काढला. सिएरा क्लब या पर्यावरण संघटनेसोबत तिने पर्यावरण संरक्षण संस्थेला न्यायालयातही खेचलं. तो खटला रीफवर नव्हता. नौदल तोफा-क्षेपणास्त्रांच्या सरावासाठी जुनी जहाजं खोल समुद्रात बुडवतं, तिथे पीसीबीच्या नियमांतून मिळणाऱ्या सवलतीवर तो होता. संघटनेचा दुसरा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो. तीस हजार टन पोलाद, तांबं, ॲल्युमिनियम समुद्रात टाकणं हा संपत्तीचा नाश आहे. ते वितळवून पुन्हा वापरलं असतं, तर तेवढं खनिज खोदावं लागलं नसतं आणि अमेरिकेतल्या तोडणी कामगारांना काम मिळालं असतं.

एक सेंट

ओरिस्कनीनंतर अमेरिकी नौदलाने दुसरी विमानवाहू नौका रीफ केली नाही. ‘फॉरेस्टॉल’बद्दल तसा विचार काही काळ झाला होता. पण 2013 मध्ये नौदलाने ती एका तोडणी कंपनीला एक सेंटला दिली. ‘साराटोगा’ आणि ‘रेंजर’ 2014 मध्ये गेल्या त्याही एकेक सेंटलाच. हा एक सेंट कायद्याने करार पक्का व्हावा म्हणून, जसं आपल्याकडे बक्षीसपत्रात एक रुपया लिहितात. त्याचा अर्थ, कंपनी जहाज स्वतःच्या खर्चाने ओढून नेणार, विष काढणार, लोखंड विकणार, आणि तोटा झाला तर तोही तिचाच. ‘कॉन्स्टेलेशन’साठी नौदलाला वर तीस लाख डॉलर द्यावे लागले, तरीही ओरिस्कनीच्या मानाने स्वस्तच.

1997 मध्ये जे तोट्याचं होतं ते 2013 मध्ये जवळपास फुकट कसं झालं? लोखंडाचे भाव चढले, टेक्ससच्या ब्राउन्सव्हिलमधल्या तोडणीवाल्यांना कायदा पाळून काम करायची सवय झाली, आणि पीसीबीच्या परवानगीची कटकट बुडवण्याकडे जास्त, तोडण्याकडे कमी राहिली. 2012 मध्ये अमेरिकेच्या सागरी प्रशासनाने तर रेषच ओढली. 1985 पूर्वी बांधलेलं जहाज, पीसीबी नसल्याचं सिद्ध झाल्याशिवाय, रीफसाठी विचारात घ्यायचं नाही. रँडच्या अहवालानंतर जेमतेम अकरा वर्षांत देशातल्या तोडणीपेक्षा स्वस्त म्हटलेला पर्याय बहुतेक जुन्या जहाजांना बंद झाला.

बुडवणं म्हणजे रीफ नव्हे, हे सांगायला ब्राझीलचं उदाहरण पुरे. त्यांची ‘साओ पाउलो’ ही विमानवाहू नौका ॲस्बेस्टॉसच्या भीतीने तुर्कस्तानने तोडायला घेतली नाही. महिनोन्‌महिने ती समुद्रात ओढत फिरवली, आणि 3 फेब्रुवारी 2023 ला किनाऱ्यापासून साडेतीनशे किलोमीटरवर, पाच हजार मीटर खोल पाण्यात बुडवून टाकली. तिथे ना पाणबुड्या जाणार, ना कुणी मासे तपासणार. ओरिस्कनीबद्दल माझ्या कितीही तक्रारी असल्या तरी, तिथे निदान कागद होते, प्रयोग होते, आणि आलेले वाईट आकडेही छापले गेले.

निवतीचे खडक

आपल्याकडच्या दोन विमानवाहू नौकांचं काय झालं ते आठवत असेल. जुनी ‘विक्रांत’ मुंबईत काही वर्षं संग्रहालय होती. मग लिलावात सुमारे साठ कोटींना गेली आणि 2014 च्या अखेरीस दारूखान्यात तिचे तुकडे पडायला लागले. ‘विराट’ 6 मार्च 2017 ला निवृत्त झाली. नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ तिचं संग्रहालय करायच्या 852 कोटींच्या बेताला मान्यता दिली. गुंतवणूकदार मिळाला नाही. 38 कोटी 54 लाखांना ती विकली गेली आणि सप्टेंबर 2020 मध्ये अलंगच्या किनाऱ्यावर चढली. वाचवायला धडपडणारे सर्वोच्च न्यायालयात पोचले, तोवर बरंच जहाज कापून झालं होतं.

आता त्याच निवतीच्या खडकांसाठी ‘गुलदार’ आहे. नौदलाची रणगाडे किनाऱ्यावर उतरवणारी नौका, पोलंडच्या ग्डिनिया इथे बांधलेली, 12 जानेवारी 2024 ला पोर्ट ब्लेअरला निवृत्त झालेली. लांबी सुमारे 84 मीटर, वजन अकराशे टनांच्या आसपास. पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम रीफ यांच्या प्रकल्पासाठी केंद्राकडून 46 कोटी 91 लाख मंजूर झाले. 2025 च्या सुरुवातीला कारवारला ‘जसं आहे तसं’ या अटीवर जहाज पर्यटन महामंडळाच्या ताब्यात आलं आणि विजयदुर्गच्या धक्क्याला आणलं गेलं.

आकाराने ही निवड ओरिस्कनीपेक्षा शहाणपणाची आहे. अकराशे टनांचं जहाज आतून बाहेरून बघून होतं, केबली मोजता येतात, आणि उथळ पाण्यात ठेवलं तर हौशी पाणबुड्यालाही सगळं दिसतं. फक्त ‘जसं आहे तसं’ या शब्दांशी मी थबकतो. त्या अटीवर घेतलेल्या जहाजात काय आहे हे शोधायचं आणि काढायचं काम घेणाऱ्याचं.

आणि एक योगायोग. गुलदार नौदलात दाखल झाली 30 डिसेंबर 1985 ला. अमेरिकी सागरी प्रशासनाची रेष 1985 वर आहे. ती रेष अमेरिकी गोद्यांच्या अनुभवावरून आखलेली. ग्डिनियाच्या गोदीत त्या वर्षी केबलीवर कुठलं आवरण चढत होतं, ते त्या रेषेवरून कळत नाही. ते केबलीचे तुकडे कापून प्रयोगशाळेत पाठवल्यावरच कळतं, आणि ते आकडे मराठीत, निवतीच्या बंदरावर, फलक लावून सांगता येतात. तिथून रोज पहाटे होड्या बाहेर पडतात. त्यांच्या टोपलीतली तांबोशी शेवटी कुणाच्या तरी कढईत जाणार असते.